मोज्यातली सुरी: स्कॉटिश ‘स्कीअन-डू’ निवडताना, लावताना आणि सांभाळताना

एडिनबरातल्या किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चौकडीचा घागरा) भाड्याने देणाऱ्या दुकानात कमरेचं माप घेऊन झालं की काउंटरमागचा माणूस सहज विचारतो, ‘‘क्लॅन (कूळ) कोणता?’’ मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा तोंडापर्यंत गोत्र आलं होतं. मित्राचं लग्न होतं, नवरी स्कॉटिश होती आणि नवऱ्याकडच्या आम्हा चौघांना किल्ट घालायचा होता. समोरच्या ट्रेमध्ये काळ्या मुठीच्या वीतभर लांबीच्या सुऱ्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीवर वेगळं चिन्ह: कुठे रानडुकराचं डोकं, कुठे बाणांची जुडी, कुठे पंजा उगारलेलं रानमांजर. आमच्यातल्या एकाने लगेच मांजर उचललं, कारण ते ‘भारी दिसतं’. दुकानदार काही बोलला नाही. लग्नात मात्र नवरीच्या आजोबांनी त्याला अगदी आपुलकीने विचारलं, ‘‘तुझं मॅकिंटॉश घराण्याशी नातं कसं?’’ पुढची पाच मिनिटं फार लांब गेली.

तशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख. तिकडे लग्नाला जाणारे, तिकडच्या घरात लग्न होऊन गेलेले, शिकायला जाऊन जानेवारीत बर्न्स सपरचं, म्हणजे कवी बर्न्सच्या जन्मदिवसाच्या जेवणाचं, आमंत्रण मिळालेले आणि हौसेने एखादी सुरी घरी आणू पाहणारे, या सगळ्यांसाठी.

आधी नाव नीट म्हणूया

गेलिक भाषेत ‘स्कीअन’ म्हणजे सुरी आणि ‘डू’ म्हणजे काळी. रोमन अक्षरांतलं स्पेलिंग (sgian-dubh) बघून ‘स्गियन डभ’ असं वाचू नका. काळी का, याची दोन उत्तरं मिळतात. एक साधं: मूठ काळ्या लाकडाची असायची. दुसरं जास्त रंजक: काळी म्हणजे लपवलेली. हायलँडमधली, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली, माणसं काखेत एक छोटं शस्त्र लपवून ठेवत आणि कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेली की यजमानाचा मान राखण्यासाठी ते बाहेर काढून मोज्यात दिसेल असं खोचत, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, आजही सुरीची मूठ मोज्याबाहेर दिसलीच पाहिजे, हा शिष्टाचार तिच्याशी जुळतो.

कंबरेला लटकणारा मोठा खंजीर म्हणजे ‘डर्क’. तो वेगळा. त्याचं पातं साधारण १२ इंचांचं असतं आणि म्यानातच छोटी सुरी आणि काटाही बसवलेला असतो. नवख्याने डर्कच्या वाटेला जाऊ नये. आपला विषय ३ ते साडेतीन इंच पात्याची, एका बाजूने धार असलेली मोज्यातली सुरी.

या पोशाखाचा इतिहास एका परिच्छेदात आटोपतो, पण तो माहीत असलेला बरा. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनला जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्यांचा, पराभव झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हायलँडच्या सामान्य पुरुषांना किल्ट घालायला बंदी झाली. बंदी उठली १७८२ मध्ये. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने स्वागताचा असा थाट उभा केला की एकेकाळी बंदी असलेला पोशाख दरबारी झाला. त्याच्या दहाएक वर्षं आधी हेन्री रेबर्नने ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेलचं पूर्णाकृती चित्र काढलं होतं. एडिनबराच्या राष्ट्रीय कलादालनात गेलात तर त्या चित्रातल्या मोज्याकडे बघा. मूठ तिथे दिसते.

पायरी पहिली: मुठीवर कुणाचं चिन्ह?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

‘आमच्या कुळाचं चिन्ह’ म्हटलं की आपल्याला देवक आठवतं. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाचं पंचपल्लव. देवक सगळ्या कुळाचं असतं, त्यावर कुणा एकाची मालकी नसते. स्कॉटलंडमध्येही देवकाच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. प्रत्येक क्लॅनची एक वनस्पती असते आणि तिची डहाळी टोपीला खोचतात. मॅकडोनाल्डांचं हेदर, मॅकलाउडांचं ज्युनिपर. पण सुरीच्या मुठीवर जे कोरलेलं असतं ते हे नव्हे.

मुठीवर असतो ‘क्रेस्ट’, आणि क्रेस्ट ही कुळप्रमुखाची, म्हणजे चीफची, वैयक्तिक मालमत्ता आहे. त्याच्या राजचिन्हावरल्या (‘कोट ऑफ आर्म्स’) शिरस्त्राणाच्या माथ्यावर जी आकृती असते, तीच ही. स्कॉटलंडमध्ये ‘कुटुंबाचं राजचिन्ह’ किंवा ‘क्लॅनचं राजचिन्ह’ असं काही नसतंच. चिन्ह एका व्यक्तीचं असतं आणि त्याची नोंद एडिनबरातल्या लॉर्ड लायनच्या न्यायालयात होते. हे नुसतं शोभेचं कार्यालय नाही. १६७२च्या कायद्याचा आधार असलेलं ते खरोखरचं न्यायालय आहे, आणि दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून मिरवणाऱ्यावर तिथे खटला भरता येतो.

मग सामान्य मॅकलाउडने चीफचा क्रेस्ट लावायचा कसा? उत्तर त्या आकृतीभोवतीच्या गोल पट्ट्यात आहे. नीट बघा: तो बक्कल लावलेला कातडी पट्टा आहे आणि त्यावर चीफचं ब्रीद लिहिलेलं आहे. पट्टा-बक्कल म्हणजे ‘हे चिन्ह माझं नाही, मी ज्याचा माणूस आहे त्याचं आहे’ अशी कबुली. चीफ स्वतः पट्टा लावत नाही. त्याच्या क्रेस्टभोवती साधं कडं असतं आणि टोपीत गरुडाची तीन पिसं. म्हणून पट्टा नसलेला क्रेस्ट कुणी विकत असेल तर तो तुमच्यासाठी नाही. आणि पट्टा असलेला क्रेस्ट लावलात तर तुम्ही एका जिवंत माणसाशी निष्ठा जाहीर करत असता. आजोबांचा प्रश्न भाबडा नव्हता, तो या अर्थाने होता.

काही ओळखीची चिन्हं सांगतो, म्हणजे ट्रेसमोर गोंधळ उडणार नाही. रानडुकराचं डोकं आणि ‘विसरू नकोस’ या अर्थाचं लॅटिन ब्रीद म्हणजे कॅम्पबेल. दोन निशाणांमध्ये बैलाचं डोकं आणि ‘होल्ड फास्ट’, घट्ट धरून राहा, म्हणजे मॅकलाउड. पाच बाणांची जुडी आणि ‘एक व्हा’ असं गेलिक ब्रीद म्हणजे कॅमेरॉन. मुकुट घातलेलं सिंहाचं डोकं आणि ‘राजवंशी आहे माझं कुळ’ म्हणजे मॅकग्रेगर. मॅकिंटॉशांचं मांजर वर येऊन गेलंच. त्याचं ब्रीद आहे, ‘हातमोज्याशिवाय मांजराला हात लावू नका.’ आमच्या मित्राने नेमका तोच हात लावला.

दुकानात आडनावांच्या याद्या टांगलेल्या असतात: अमुक आडनाव, तमुक क्लॅन. त्या ढोबळ असतात. फ्रेझरचंच बघा. फ्रेझर ऑफ लोव्हॅट यांचा क्रेस्ट हरणाचं डोकं, ब्रीद फ्रेंच: ‘मी तयार आहे.’ नुसते फ्रेझर वेगळे, त्यांचा चीफ वेगळा आणि क्रेस्टमध्ये स्ट्रॉबेरीची झुडपं. आडनाव एकच, मोज्यातली सुरी वेगळी. त्यामुळे सासरच्या क्लॅनचं चिन्ह घ्यायचं असेल तर दुकानदाराला विचारण्याआधी सासूबाईंना विचारा. घरात एखादी जुनी किल्टपिन किंवा टोपीचा बिल्ला असतोच. त्याचा फोटो काढून न्या आणि ब्रीदातलं अक्षर न् अक्षर ताडून बघा. स्वस्त मालात गेलिक शब्दांची मोडतोड झालेली मी पाहिली आहे.

निर्णय असा करा. स्कॉटिश घरात लग्न झालं असेल तर जोडीदाराच्या क्लॅनचा पट्टा-बक्कल क्रेस्ट लावायला हरकत नसते, घरच्यांना तर आनंदच होतो. नातं काही नसेल, फक्त पाहुणे असाल, तर क्रेस्ट नको. थिसलचं फूल घ्या. आपल्या उटकटाऱ्याची आठवण करून देणारं ते काटेरी फूल स्कॉटलंडचं राष्ट्रीय चिन्ह आहे आणि कुणालाही शोभतं. गुंफणीची केल्टिक वेलबुट्टीही चालते. माझं स्वतःचं मत विचाराल तर चिन्ह नसलेली साधी काळी मूठ सगळ्यात देखणी.

सैनिकी पलटणींचे बिल्ले असलेल्या सुऱ्याही मिळतात. ज्याने त्या पलटणीत नोकरी केली नाही त्याने त्या लावू नयेत. पण एक बिल्ला बघून मराठी माणूस दचकतो: हत्ती, आणि खाली ‘असई’ हे नाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असईला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेशी शिंदे-भोसल्यांचा सामना झाला. त्यात ७४वी आणि ७८वी या हायलँड पलटणी होत्या आणि त्यांना हत्तीचं मानचिन्ह मिळालं. पुढे ७४वी ज्या हायलँड लाइट इन्फंट्रीत विलीन झाली, तिच्या बिल्ल्यावर तो हत्ती कायम राहिला. जुन्या वस्तूंच्या दुकानात अशी सुरी दिसली तर लावायला नको, पण हातात घेऊन बघायला हवी.

पायरी दुसरी: भाड्याने की विकत?

एकाच समारंभासाठी विकत घेऊ नका. किल्टच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी सुरी धरलेली असते, आणि अनेकदा ती खोटी असते: मूठ आणि म्यान एकाच प्लॅस्टिकचं, आत पातंच नाही. यात कमीपणा वाटून घेऊ नका. मोज्यात खोचल्यावर कुणालाही कळत नाही आणि पुढे सांगणार आहे त्या कायद्याची निम्मी काळजी मिटते. परत करताना मात्र मोजून द्या: सुरी, मोज्याचे बंद, पट्टा, स्पोरन (किल्टपुढे लटकणारी पिशवी). हरवतं ते नेहमी मोज्याच्या बंदांपैकी एक.

पायरी तिसरी: विकत घेणार असाल तर काय बघायचं

दिवसाच्या साध्या ट्वीड जाकिटावर लाकडी किंवा शिंगाची, खडा नसलेली सुरी. रात्रीच्या ‘प्रिन्स चार्ली’ जाकिटावर काळी मूठ, चांदीचं काम आणि टोकाला खडा. हा खडा म्हणजे केर्नगॉर्म, त्याच नावाच्या डोंगररांगेतला धुरकट-तपकिरी स्फटिक. आता बहुतेक ठिकाणी काच असते. तसं सांगून विकत असतील तर काच वाईट नाही. एकच सुरी घ्यायची असेल तर खड्याविना काळी घ्या, ती दोन्हीकडे चालते.

मूठ कशाची आहे ते विचारा. एबनी, आफ्रिकन ब्लॅकवुड किंवा बॉग ओक. हे शेवटचं म्हणजे दलदलीत शतकानुशतकं पुरून काळं पडलेलं ओक, आणि ते महाग असतं. स्वस्त सुऱ्यांत रेझिन असतं. हातात घेतल्यावर लाकूड कोमट लागतं, रेझिन थोडं गुळगुळीत आणि हलकं. कोरीवकामाच्या कडा बघा. हाताने कोरलेल्या गुंफणीत पट्टी कुठे वर जाते, कुठे खाली, हे स्पष्ट दिसतं. साच्यातून काढलेल्या मुठीवर कडा विरघळलेल्या साबणासारख्या असतात.

हरणाच्या शिंगाची मूठ सुंदर दिसते, पण सुरी भारतात आणायची असेल तर माझा सल्ला नको असाच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराच्या शिंगांच्या व्यापारावर बंदी आहे, आणि हे शिंग स्कॉटलंडच्या हरणाचं आहे हे कस्टमच्या टेबलावर सिद्ध करत बसण्यात सुट्टी जाते. जुन्या सुरीला हस्तिदंत असेल तर तिकडे बघायचंही नाही.

‘चांदी’ म्हणून विकत असतील तर हॉलमार्क शोधा. एडिनबराच्या छापात तीन बुरुजांचा किल्ला असतो आणि शुद्धतेचा ९२५ हा आकडा. छाप नसेल तर प्यूटर (कथलाचा मिश्रधातू) किंवा क्रोमचा मुलामा समजा आणि भाव त्याप्रमाणे द्या. रॉयल माइलवरच्या पर्यटकी दुकानांतल्या बऱ्याच सुऱ्या पाकिस्तानातल्या सियालकोट-वझीराबाद पट्ट्यात बनतात. त्यात गैर काही नाही, तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पाती घडवत आले आहेत. फक्त ‘हायलँडमधल्या खेड्यात हाताने घडवलेली’ म्हणून चौपट पैसे मोजू नका.

शेवटची तपासणी म्यानाची. सुरी म्यानात घालून उलटी धरा आणि हलकेच हलवा. घसरून बाहेर आली तर ती घेऊ नका, नाचताना ती तुमच्याच पोटरीवर येणार आहे. खटका बसल्यासारखी घट्ट असेल तर उत्तम. आणि पुढच्या वापरात कुणी धारेची परीक्षा घेणार नाही, तेव्हा दुकानात अंगठा फिरवून बघायचं कारण नाही.

मुठीवर स्वतःची आद्याक्षरं कोरून घेण्याची पद्धत आहे, आणि ज्याला क्लॅन नाही त्याच्यासाठी क्रेस्टपेक्षा हे प्रामाणिक. देवनागरीत हवी असतील तर कागदावर लिहून देऊ नका, अक्षरांची तयार फाइल द्या. तिकडचा कोरणारा शिरोरेषा ही वेगळी नक्षी समजून अक्षरापासून तोडतो.

पायरी चौथी: लावायची कशी

ज्या हाताने लिहिता त्या बाजूच्या पायात. उजव्या हाताचा माणूस उजव्या मोज्यात, डावखुरा डाव्या. मोजा गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर येईपर्यंत ओढा. बंद मोज्यावरून बांधा, त्याच्या रंगीत पट्ट्या बाहेरच्या अंगाला लोंबू द्या आणि मोज्याचा वरचा भाग बंद झाकला जाईल असा दुमडा. आता म्यानासकट सुरी मोजा आणि पाय यांच्यामध्ये सरकवा, नडगीच्या थोडी बाहेरच्या बाजूला. बंद तिला आतून पायाशी दाबून धरतो. दुमडीच्या वर मुठीचा इंच-दोन इंच भाग दिसला पाहिजे, क्रेस्ट असेल तर तो बाहेरच्या बाजूला. सगळी मूठ वर आली तर खुर्चीत बसताना टोचते आणि लोक हसतात. पूर्ण आत गेली तर लावून उपयोग काय?

स्पोरनचं कडं, पट्ट्याचं बक्कल, किल्टपिन आणि सुरी यांचा धातू एकसारखा ठेवा. आणि क्रेस्ट एकाच ठिकाणी पुरे. टोपी, पिन, बक्कल, सुरी, सगळीकडे रानडुक्कर असलं की माणूस जाहिरातीचा फलक दिसतो.

बायकांच्या पोशाखात ही सुरी परंपरेने नसते. त्या खांद्यावर टार्टनचा (क्लॅनच्या चौकडीच्या कापडाचा) पट्टा घेतात आणि क्रेस्टचा ब्रोच लावतात.

पायरी पाचवी: समारंभात

काढायची नाही. केक कापायला नाही, पाकीट फोडायला नाही, फोटोसाठी दातात धरायला तर नाहीच. नाचाच्या वेळी गोल फेऱ्यांत पाय एकमेकांना लागतात, तेव्हा अनेक जण ती काढून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवतात. तेही म्यानासकट.

अपवाद एकच. २५ जानेवारी, कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. त्या रात्रीच्या जेवणात हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं सारण पिशवीत भरून शिजवलेला पदार्थ) बॅगपाइपच्या सुरात टेबलावर येतो, त्याला उद्देशून बर्न्सची कविता म्हणतात आणि ठरावीक ओळीवर म्हणणारा सुरी उपसून हॅगिस चिरतो. तो मान तुम्हाला मिळाला तर यजमानांकडून स्वयंपाकघरातली धुतलेली सुरी मागून घ्या. मोज्यात संध्याकाळभर घाम खाल्लेली सुरी पंचवीस जणांच्या जेवणात का घालायची? शिवाय वाफेने फुगलेला हॅगिस पहिल्या वाराला उडतो. एक पाऊल मागे उभे राहा.

कायदा आणि विमान

स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक जागी पातं बाळगणं १९९५च्या फौजदारी कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तीच गोष्ट १९८८च्या कायद्यात आहे. दोन्हीकडे ‘राष्ट्रीय पोशाखाचा भाग’ हा बचाव मान्य आहे. शब्द नीट बघा: परवानगी नव्हे, बचाव. म्हणजे किल्ट अंगावर असेल तर सुरीला कारण आहे. समारंभ संपला, तुम्ही जीन्स चढवली, सुरी खिशात टाकली आणि पबमध्ये गेलात, की ते कारण किल्टबरोबर हॉटेलच्या कपाटात राहिलं. सुरी पण तिथेच ठेवा. स्टेडियम, न्यायालयं, काही क्लब किल्टवरही ती आत नेऊ देत नाहीत. आधी विचारा.

विमानात हातातल्या सामानात नाही, चेक-इन बॅगेतच, म्यान कापडात गुंडाळून. हे मला माहीत होतं. तरी लग्नाच्या दुसऱ्या पहाटे झोपेत आवरलेल्या बॅगेत ती वर राहिली आणि सुरक्षा तपासणीच्या टेबलावर मला तिचा कायमचा निरोप घ्यावा लागला. मित्राने भेट दिलेली होती.

भारतात आणताना बिल जवळ ठेवा. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब पात्यांचा वेगळा विचार होतो, म्हणून डर्क आणण्याआधी चौकशी हवीच. स्कीअन-डू त्या मापात बसत नाही, पण तेवढ्यावर ती इथे मिरवायचा परवाना मिळाला असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. लिंबू खोचलेली कट्यार हातात घेतलेल्या नवरदेवाला कुणी अडवत नाही म्हणून किल्ट घातलेल्या नवरदेवालाही अडवणार नाहीत, या भरवशावर वरात काढू नका. पाते नसलेली सुरी इथेही कामाला येते.

घरी आणल्यावर

स्कॉटलंडची थंड हवा आणि दादरचा जुलै यांत फरक आहे. कातडी म्यान ओल धरतं आणि आतल्या पात्याला गंज चढतो, विशेषतः कार्बन पोलादाच्या. त्यामुळे सुरी म्यानात ठेवू नका. पातं पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवून, कोरड्या सुती कापडात वेगळी ठेवा. म्यानाला बुरशी आली तर सुक्या कापडाने पुसून सावलीत वाळवा, उन्हात कातडं तडकतं. लाकडी मुठीला वर्षातून एकदा थोडं मेण.

चांदीच्या कामाला दात घासायची पावडर किंवा चिंच लावायची सवय हाताला असते. इथे ती आवरा. गुंफणीच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो, त्यानेच नक्षी उठून दिसते, आणि तो एकदा घासून गेला की सगळी मूठ सपाट दिसते. वरच्या कडांवरून मऊ कापड फिरवलं की पुरे. खडा सैल झाला तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या नादी लागू नका, काचेवर पांढुरका ढग येतो. पेठेतल्या कुठल्याही जुन्या सोनाराकडे न्या, तो कोंदण दाबून देईल. फक्त सुरी हातात देण्याआधीच सांगा: पॉलिश करायचं नाही.